गोळा नंबर १७

आमच्या घरात नवं भांडं हातात आलं की ते आधी उपडं करून बघायची रीत होती. लग्नामुंजीत आलेली ताटं, तांबे, वाट्या, सगळ्यांच्या बुडाशी नाहीतर काठाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं असत. कोणाकडून आलं, कशाप्रीत्यर्थ आलं, तारीख, आणि शेवटी ‘सप्रेम भेट’. जागा संपत आली की भांडीवाला अक्षरं बारीक करत नेई, त्यामुळे देणाऱ्याचं आडनाव नेहमी घुसमटलेलं. पंगतीनंतर अंगणात भांड्यांचा ढीग पडे तेव्हा आम्हा मुलांना ही नावं वाचून भांडी वेगळी करायला बसवत. मला वाचायला त्यातूनच आलं असं आई सांगायची. थोडं खरं असावं, कारण मला अजूनही कुठलीही धातूची वस्तू सरळ बघवत नाही. आधी ती उलटी करते.

आजीकडे एक पितळी परात होती, तिच्यावर भलत्याच घराचं नाव होतं. कुठल्याशा लग्नात आमची परात गेली आणि ती आली. आजीनं ती कधी वापरली नाही. “ज्यांची आहे ते येतील,” म्हणून ती माळ्यावर पडून राहिली. चाळीसेक वर्षं राहिली. कोणी आलं नाही.

पुढे या सवयीचं रूपांतर छंदात झालं. सुटे पैसे हातात आले की सालाखाली चौकटीसारखी खूण दिसते का बघायचं. दिसली तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, चांदणी असली तर हैदराबादचं, बारीक गोल ठिपका असेल तर नोएडाचं, आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. स्टेशनाच्या कुंपणाला जुन्या रुळांचे खांब असतात, त्यांच्या अंगावर कारखान्याचं नाव आणि साल उठावाच्या अक्षरांत असतं. गाडी उशिरा असेल तर मी ते वाचत फिरते. नवरा म्हणतो, लोक फलाटावर वर्तमानपत्र वाचतात, तू कुंपण वाचतेस.

छंदात चुका होतात, माझी एक मोठी झाली. एका आठवडी बाजारात मला पितळी पट्ट्यांचं जुनं मापटं मिळालं. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली अशी आपली दामदुपटीची उतरंड. त्यातलं अर्ध्या शेराचं ते. काठावर वेडेवाकडे ठोके पडले होते. मला ती खराबी वाटली. पॉलिशवाल्याकडे नेऊन बफ मारून आणलं आणि आरशासारखं झाल्यावर दिवाणखान्यात मांडलं. मग एका जुन्या व्यापाऱ्यानं ते हातात घेऊन विचारलं, “शिक्के कुठं गेले याचे?” वजनमापाचा इन्स्पेक्टर वर्षाच्या वर्षाला माप तपासून त्याच्यावर ठोकून जाई, ते ते ठोके होते. मापात पाप नाही याचा पुरावा. १९५६ च्या कायद्यानं किलो आणि लिटर आले आणि शेर-पायलीचा काळ संपला, पण तोवर त्या मापट्यानं किती वर्षं इमानानं धान्य मोजलं ते त्या काठावर लिहिलेलं होतं. मी पंचाहत्तर रुपये देऊन ते पुसून आणलं. तेव्हापासून माझ्या घरात जुन्या धातूला चिंचसुद्धा लावायची नाही असा नियम आहे.

हे सगळं सांगितलं ते गोळ्यासाठी.

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे ताडपत्रीवर जगाचा गाळ मांडलेला असतो. नळाच्या चाव्या, मेलेले रिमोट, स्टोव्हचे बर्नर, एकेकटे बूट, कोणाच्या तरी शाळेतली ढाल. एका ताडपत्रीच्या कोपऱ्यात, घरंगळू नये म्हणून बेअरिंगच्या कड्यात बसवून ठेवलेला एक काळपट गोळा दिसला. लिंबाहून मोठा, क्रिकेटच्या चेंडूहून लहान. उचलला तर हाताला चांगलाच भार लागला. एका अंगाला भोक, भोकाच्या कडेला खाच. खाच झिजून गुळगुळीत झालेली, जात्याच्या खुंट्याचं लाकूड होतं तशी. आणि उलटा केला तर (तो कसा उलटा म्हणायचा, पण मी केला) कोरलेली इंग्रजी अक्षरं. एक जोडी, मग आडवी रेघ, मग दुसरी जोडी. खाली आकडा, १७.

“शिवकालीन आहे ताई,” विक्रेता म्हणाला. “तोफेचा गोळा.”

“अहो, यावर इंग्रजी आहे.”

“इंग्रजांच्या तोफेचा.” क्षणाचाही विलंब नाही. असल्या माणसाशी घासाघीस करण्यातही आनंद असतो. सहाशेवरून अडीचशेला सौदा झाला.

घरी आल्यावर तर्क सुरू झाले. नवऱ्याच्या मते ते गिरणीच्या यंत्राचं काहीतरी. कुलपं जमवणारी माझी एक मैत्रीण ठामपणे म्हणाली, तिजोरीच्या दाराची मूठ. तालमीत जाणाऱ्या भाच्यानं तो दोनदा उचलून बघितला आणि हा व्यायामाचा नाही असा निकाल दिला. तोफगोळा नव्हेच. भरीव गोळ्याला भोक कशाला? पोकळ गोळ्याला बत्तीसाठी भोक असतं, पण तो फुटायचाच असतो. फुटणाऱ्या गोळ्यावर इतक्या निगुतीनं क्रमांक कोण कोरेल? वजन असेल म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. शेरात बसेना, पौंडात बसेना, तोळ्यांत तर नाहीच. शिवाय घरंगळणारं वजन करणारा माणूस एकतर मूर्ख असेल नाहीतर चोर.

मला सतावत होता तो आकडा. अक्षरं मालकाची असू शकतात. पण १७ म्हणजे याच्या आधी सोळा होते. कदाचित पुढेही होते. आणि कुणाला तरी त्यांतला हा कोणता हे ठाऊक असण्याची गरज होती.

आठवडाभर तो गोळा पोळ्यांच्या डब्याच्या झाकणात पडून होता. रविवारी खालच्या मजल्यावरचे मास्तर पेपर न्यायला आले. आमच्या इमारतीत सगळेच त्यांना मास्तर म्हणतात. नव्यानं राहायला आलेल्यांना ते शाळेतले वाटतात. ते स्टेशनमास्तर. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. चष्मा घरी विसरून आले होते. टेबलापाशी टेकले, गोळा दिसला, आणि सहज हात गेला.

त्यांनी तो बघितला नाही. अक्षरांकडे तर लक्षच दिलं नाही. हातात घेऊन अर्धा फिरवला, अंगठा आपोआप भोकाशी गेला, खाचेतून फिरला आणि थांबला. एवढं करायला दोन सेकंद लागली नसतील. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“वहिनी, हा बाहेर कसा?”

मी आठ दिवस विचारत होते, हे काय आहे. त्यांनी ते विचारलंच नाही.

तर तो गोळा म्हणजे टोकन. एकेरी लोहमार्गावर गाडीला पुढच्या स्टेशनापर्यंत जायचा अधिकार. जायची-यायची वाट एकच असेल, तर दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी असली पाहिजे, ही साधी गोष्ट. ती पाळायची कशी हा प्रश्न. तोंडी निरोपावर पाळता येते, तारेवर पाळता येते, पण माणसाचं तोंड आणि माणसाची तार दोन्ही चुकतात. इंग्लंडात नॉर्विचजवळच्या थॉर्प इथे १८७४ च्या सप्टेंबरात, पावसाळी रात्री, अशीच एक तार चुकली. गाडी सोडा असा निरोप सही होण्याआधीच गेला. चूक लक्षात आल्यावर गाडी थांबवायची तार केली, तर उत्तर आलं की गाडी निघाली. मग दोन्हीकडच्या माणसांना वाट बघण्याखेरीज काही करता येईना. त्या टकरीत दोन डझनांहून जास्त माणसं गेली. त्यानंतर एडवर्ड टायर या गृहस्थांनी डोकं चालवून १८७८ मध्ये यंत्र काढलं: दोन्ही स्टेशनांवर एकेक पेटी, दोन्ही तारेनं जोडलेल्या, आणि पेट्यांमध्ये धातूच्या चकत्या. एक चकती बाहेर आली की दुसरी कुठल्याच पेटीतून निघणार नाही. चकती हातात नसेल तर गाडी हलणार नाही. म्हणजे माणसाच्या शब्दाच्या जागी वस्तू आली. आपल्याकडे कितीतरी मार्गांवर याच कुळातलं नीलचं यंत्र होतं, त्यात चकतीऐवजी गोळा.

मास्तरांनी पेपराच्या कोऱ्या कडेवर यंत्राचं चित्र काढून दाखवलं. मुठीला तीन जागा: लाइन बंद, गाडी येत आहे, गाडी जात आहे. शेजारी घंटा. घंटेचे टोले मोजायचे. एक टोला म्हणजे लक्ष द्या. दोन म्हणजे लाइन क्लिअर आहे का? तीन म्हणजे गाडी तुमच्याकडे निघाली. चार म्हणजे गाडी पोचली, मार्ग मोकळा. पाच म्हणजे रद्द. “आणि सहा?” मी विचारलं. सहा म्हणजे धोका. ते सांगताना त्यांनी टेबलावर बोटानं टोले वाजवून दाखवले, पहिले पाच. सहावा प्रकार वाजवला नाही.

समोरचा स्टेशनमास्तर राजी असेल आणि त्यानं आपल्याकडून मार्ग दिला असेल, तरच मूठ फिरते आणि गोळा खाली येतो. एकट्याच्या मर्जीनं काही होत नाही. आपण मराठीत लग्न जमण्यापासून कर्ज मिळण्यापर्यंत सगळ्याला “लाइन क्लिअर मिळाली का?” म्हणतो, ते मूळ असं दोघांचं काम आहे हे मला तेव्हा कळलं.

मग तो गोळा चामड्याच्या पिशवीत जायचा आणि पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला. हे कडं मात्र मला ओळखीचं निघालं. लहानपणी आजोळी जाताना न थांबणाऱ्या स्टेशनांवर एक माणूस हात उंच करून, हातात भलंमोठं कडं धरून उभा असायचा. इंजिनातला माणूस बाहेर वाकून त्यात हात घालायचा आणि त्याच दमात आपल्याकडचं कडं खाली टाकायचा. मला तो खेळ वाटे. सर्कशीत असतो तसा. त्या कड्याला खाली पिशवी असते आणि पिशवीत आपण पुढच्या स्टेशनापर्यंत जिवंत पोचण्याची तजवीज असते, हे खिडकीतल्या मुलीला कोण सांगणार? मास्तर म्हणाले, त्या घेणाऱ्याच्या दंडावर कायम वळ असायचे. रात्री पावसात पॉइंट्समन कंदील धरून उभा राही आणि डोळ्यांवर इंजिनाचा झोत. कडं दिसत नसे, अंदाजानं धरायचं.

ती खाच आणि अक्षरं कशासाठी, तेही समजलं. लागून असलेल्या दोन सेक्शनांच्या गोळ्यांची ठेवण वेगवेगळी असते. मधल्या स्टेशनावर दोन यंत्रं शेजारी, एक या बाजूच्या स्टेशनाचं, एक त्या बाजूच्या. झोपेच्या धुंदीत इकडचा गोळा तिकडे घालू म्हटलं तरी जाणार नाही. अक्षरं दोन स्टेशनांची. ड्रायव्हरनं ती वाचून खात्री करायची की हा आपल्याच पुढच्या सेक्शनचा. आणि १७ हा त्या सेक्शनच्या गोळ्यांतला याचा नंबर. एका दिशेनं गाड्या जास्त गेल्या की गोळे एकीकडे साठत जात आणि दुसरीकडचं यंत्र रितं होऊ लागे. मग सिग्नलचा माणूस येऊन, नंबर लिहून, सह्या घेऊन थोडे गोळे परत नेई. “माहेरी फार दिवस राहिलेल्या लेकी पोचवाव्या तसे,” मास्तर म्हणाले. विनोद त्यांचाच, पण ते हसले नाहीत. गोळा अजून हातात होता.

चहा झाला तेव्हा त्यांनी एका रात्रीची गोष्ट सांगितली. स्टेशनचं नाव त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मालगाडी न थांबता जायची होती. ड्रायव्हरच्या बाजूनं कडं खाली टाकलं, ते खांबाला आपटून उडालं आणि जुनी शिवण उसवून पिशवीतला गोळा कुठेतरी पडला. रिकामी पिशवी तेवढी पॉइंट्समननं आणून दिली. शेजारी उसाचं रान, मध्ये पाटाचं पाणी. गाडी सुखरूप पोचली होती, शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा मास्तरांनी स्वतः पाहिला होता. अपघात नाही, इजा नाही, नुकसान एका गोळ्याचं. पण गोळा यंत्रात परत गेल्याशिवाय मूठ ‘लाइन बंद’वर येत नाही. “गाडी माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली होती वहिनी, पण यंत्राच्या लेखी ती अजून वाटेतच होती.”

मग यंत्र बंद ठेवून कागदावर काम सुरू झालं. प्रत्येक गाडीला कागदी लाइन क्लिअर: समोरच्या स्टेशनाशी बोलायचं, खासगी नंबर घ्यायचा, लिहायचं, वाचून दाखवायचं, सही. पाच मिनिटांचं काम पाऊण तासावर. मागच्या गाड्या खोळंबत गेल्या. आणि इकडे सगळं स्टेशन कंदील घेऊन उसात. पानांनी हात कापून निघाले. पॉइंट्समनची बायको पाटात उतरून पायानं चिखल चाचपत होती. कारण चौकशी तिच्या नवऱ्याची होणार होती, ठेकेदाराकडून आलेल्या पिशवीच्या शिवणीची नाही. (हे वाक्य मास्तरांचं आहे, आणि इतक्या वर्षांनीही ते त्यांनी जरा जोरात म्हटलं.) गोळा तिसऱ्या दिवशी मिळाला. पाटाच्या गाळात, तिच्याच पायाला.

“मिळाला तेव्हा काय केलंत?”

“पुसला, यंत्रात घातला, मूठ फिरवली, चार टोले दिले.”

तीन दिवसांपूर्वी गेलेली गाडी तेव्हा पोचली.

माझा गोळा बाजारात कसा आला, त्याचा त्यांनी अंदाज बांधला. बरेच मार्ग दुहेरी झाले. जे एकेरी राहिले त्यांच्यावर गोळ्यावाचून चालणारी यंत्रं आली. जुनी यंत्रं निघाली, भंगाराचे लिलाव झाले, आणि लिलावात गोळ्याची किंमत गोळ्याची नसते, किलोची असते. रीतसर लिलावातून आला असेल तर ठीक. नसेल तर रेल्वेच्या मालमत्तेचा १९६६ चा कायदा आहे आणि तो फार कडक आहे, हेही त्यांनी मला सौम्य आवाजात सांगितलं. मी विक्रेत्याकडून पावती घेतली होती का? जुन्या बाजारात! मी फक्त मान हलवली. म्हणूनच त्या दोन स्टेशनांची अक्षरं मी इथे लिहिलेली नाहीत. ती आता शेजारी-शेजारी चार लोखंडी वाटांनी जोडलेली आहेत एवढं सांगते.

“पण समजा,” मी म्हटलं, “लिलावाच्या वेळी मोजले असतील ना? सतरावा कमी आहे हे कुणाला तरी कळलं असेल.”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “यंत्र सुरू असताना एक बाहेर राहिला तर सगळा सेक्शन बंद पडतो. यंत्रच गेलं की कोण मोजतो.”

मी गोळा त्यांना देऊ केला. ते नको म्हणाले. दोनदा नको म्हणाले, आणि दोन्ही वेळा गोळा टेबलावर ठेवून पुन्हा उचलला. शेवटी मी तो पिशवीत घालून त्यांच्या घरी गेले. काकूंनी जागा आधीच करून ठेवली होती. गोळा घरंगळतो म्हणून त्यांनी जुन्या लुगड्याची चुंबळ वळून फडताळात ठेवली होती, डोक्यावर घागर घेताना ठेवतात तशी. गोळा तिच्यात असा बसला की तिच्यासाठीच केलेला वाटावा.

मास्तरांनी मात्र लगेच ठेवू दिला नाही. दुधाच्या हिशोबाची वही काढली, मागच्या पानावर रेघा मारल्या, चष्मा लावला आणि त्या दिवशी पहिल्यांदा गोळ्यावरची अक्षरं वाचली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ओळ लिहिली. दोन्ही स्टेशनं, मग पुढे: टोकन नंबर १७, सुस्थितीत, १८ वाजून ४० मिनिटांनी मिळालं. खाली त्यांनी सही केली, आणि वही माझ्याकडे फिरवून देणाऱ्याच्या रकान्यात माझी घेतली.